पलीकडे म्हणजे नेमके कुठे?

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे आणि तिच्यासाठी धम्मातील एखाद्या विषयावर चार शब्द लिहावेत, असा निरोप समितीने पाठवला. मी सूतगिरणीत पाळीवर काम करणारा माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, संघटनेच्या कचेरीत आणि विहाराच्या सतरंजीवर. तेव्हा पंडिती लेख माझ्या हातून व्हायचा नाही. परंतु आपल्या रविवारच्या धम्मवर्गात एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. त्या प्रश्नामागचा इतिहास जमेल तसा मांडतो.

प्रश्न असा. निब्बाण, लोकोत्तर, पारमिता हे आपल्या धम्मातले मोठमोठे शब्द. या सगळ्यांत 'पलीकडे जाणे', 'पार होणे', 'वर उठणे' असा अर्थ आहे. आणि बाबासाहेबांनी तर स्वर्ग, परलोक, आत्मा, ईश्वर हे सगळे नाकारले. मग जायचे कुठे? पल्याड काही नसेलच, तर 'पार' म्हणजे काय?

तरुण पोरे हा प्रश्न सरळ विचारतात. म्हातारी माणसे विचारत नाहीत, पण मनात तोच असतो. घरात कोणी गेले की तो वर येतो. म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. तथागतांच्या भाषेतले 'पलीकडे' हे मेल्यानंतरचे ठिकाण नाही. ते याच जन्मात, याच रस्त्यावर ओलांडायचे अंतर आहे. मधल्या काळात हे शब्द उचलून दुसऱ्याच लोकात नेऊन ठेवले गेले. त्यांना परत जमिनीवर आणण्याच्या कामात आपल्या सातारा-सांगलीच्या मातीचाही वाटा आहे.

आधी स्वयंपाकघरातले शब्द

पाली ही फार लांबची भाषा आहे असे आपल्याला वाटते. पण बघा, तथागतांनी दुःखाचे मूळ म्हणून जी सांगितली ती 'तण्हा'. संस्कृतात तृष्णा, पालीत तण्हा आणि आपल्या मराठीत तहान. आमच्याकडे म्हातारी बाई म्हणते, "लय तान लागलीया." ती तान आणि ती तण्हा हा एकच शब्द आहे. अडीच हजार वर्षे तो आपल्या तोंडात टिकला.

दुसरा शब्द निब्बाण. 'निर्' म्हणजे बाहेर, नाहीसे आणि 'वा' म्हणजे वाहणे, फुंकर बसणे. दिवा विझतो, जाळ शांत होतो, ते निब्बाण. गयासीस डोंगरावर तथागतांनी भिक्खूंना सांगितले की डोळा जळतो आहे, कान जळतो आहे, मन जळते आहे. राग, द्वेष आणि मोह हे त्याचे जळण. हा जाळ शांत करणे म्हणजे निब्बाण. आता याच मुळातून आलेला मराठी शब्द ऐका. तो म्हणजे 'निवणे'. चुलीवरून उतरवलेले दूध निवायला ठेवतात. ताटातली भाकरी निवते. बऱ्याच दिवसांनी लेक माहेरी आली की आई म्हणते, "डोळं निवलं गं माझं." भाषा जाणणारे सांगतात की हे निवणे आणि ते निब्बाण एकाच घरचे आहेत.

म्हणजे तहान लागणे आणि निवणे, या दोन रोजच्या शब्दांत तथागतांची अर्धी शिकवण येते. यात आकाश कुठे आहे? परलोक कुठे आहे? दूध निवले म्हणून ते नष्ट होत नाही. ते पिण्याजोगे होते. राग-द्वेष निवलेला माणूस नाहीसा होत नाही. तो चार लोकांत राहण्याजोगा होतो.

निब्बाण म्हणजे मरण नव्हे

इथे सगळ्यात मोठा घोळ झाला आहे. आज मराठीत 'निर्वाण झाले' म्हणजे वारले. आणि आम्हा कामगारांना तर हा शब्द वेगळ्याच वाटेने माहीत. मागण्या मान्य होईनात की संघटना व्यवस्थापनाला 'निर्वाणीचा इशारा' देते. निर्वाणीचा म्हणजे शेवटचा. यापुढे बोलणे नाही, संप! शांत होण्याचा शब्द भांडणाच्या शेवटच्या टोकाला येऊन कसा बसला, ही गंमतच आहे. पण त्यामागचे कारण गमतीचे नाही. निर्वाण म्हणजे अखेर, अखेर म्हणजे मरण, असा समज पक्का झाला म्हणून हे झाले.

साधा हिशेब करू. परंपरेप्रमाणे सिद्धार्थ गौतमांना वयाच्या 35व्या वर्षी बोधी प्राप्त झाली. तृष्णेचा जाळ त्याच वेळी विझला. ते गेले 80व्या वर्षी, कुसिनारा येथे. म्हणजे निब्बाण मिळाल्यावर तथागत 45 वर्षे जगले! आणि कसे जगले? गावोगाव पायी हिंडले. राजांशी बोलले, उपाली न्हाव्याला संघात घेतले, सुनीत नावाच्या झाडूवाल्याला घेतले, महाप्रजापती गौतमी आणि स्त्रियांसाठी भिक्खुणी संघ उभा राहिला. ही 45 वर्षे मेलेल्या माणसाची नव्हेत. त्यांच्या शेवटाला वेगळा शब्द आहे, महापरिनिब्बान. तोच शब्द आपण 6 डिसेंबर 1956 या दिवसासाठी आदराने वापरतो, आणि ते योग्यच आहे. पण महापरिनिब्बान वेगळे आणि निब्बाण वेगळे, हे लेकरांना समजावून सांगितले पाहिजे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (तो 1957 साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला) धम्म म्हणजे काय हे सांगताना निब्बाणात जगणे म्हणजे धम्म, असे स्वतंत्र प्रकरणच केले आहे. शब्द 'जगणे' आहे, 'जाणे' नाही. हा एक शब्द नीट धरला तरी पुष्कळ झाले.

नदीकाठचे शब्द

आता 'पार' या शब्दाकडे येऊ. आपण कृष्णा-वारणेच्या काठचे लोक. सांगलीचा आयर्विन पूल 1929 साली झाला. त्याच्या आधी कृष्णा ओलांडायची तर नाव, नाहीतर उन्हाळ्यात जिथे पाणी उथळ तिथला उतार. कुठे भोपळ्यांची सांगड बांधून माणसे पोहत जायची. आज आपण 'दोन गोष्टींची सांगड घालणे' म्हणतो, ती ही तरंगायची सांगड. 2019 सालच्या ऑगस्टमधला महापूर तर लहान पोरांनाही आठवतो. पाण्यात अडकलेल्या माणसाला अल्याड आणि पल्याड यांतला फरक शिकवावा लागत नाही.

तथागतही नदीकाठच्या मुलुखात हिंडले. म्हणून त्यांची भाषा नदीची आहे. पालीत 'ओघ' म्हणजे पूर. चार ओघ सांगितले आहेत: कामाचा, भवाचा म्हणजे अमुक होत राहण्याच्या हावेचा, दृष्टीचा म्हणजे हट्टी मतांचा, आणि अविद्येचा. या पुरातून पलीकडच्या काठाला लागणारा तो 'पारंगत'. आज आपण म्हणतो, "तो जॉबर रिंगफ्रेमच्या कामात पारंगत आहे." मूळ अर्थ पार गेलेला. 'पारमिता' या शब्दाचाही अर्थ परंपरेने 'पार पोहोचवणारी' असाच केला आहे, जरी काही भाषापंडित तो 'परम' म्हणजे श्रेष्ठ यापासून आला असे मानतात. दान, शील, नैष्क्रम्य, प्रज्ञा, वीर्य, क्षांती, सत्य, अधिष्ठान, मैत्री आणि उपेक्षा अशा दहा पारमिता. यादी पुन्हा वाचा. यातली एकतरी मेल्यावर करायची आहे का? दान द्यायला हात लागतो. क्षांती म्हणजे सहनशीलता, तिला त्रास देणारा शेजारी लागतो!

'तीर्थ' हा शब्दही मूळचा नदीचा. तीर्थ म्हणजे नदी ओलांडायचा उतार. आपल्या सांगली भागात जैन बांधवांची वस्ती मोठी आहे. त्यांचे 'तीर्थंकर' म्हणजे असा उतार बांधून देणारे. श्रमणांच्या दोन्ही परंपरांना नदी ओलांडण्याचीच उपमा सुचली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात तथागतांनी तराफ्याचा दृष्टांत दिला आहे. पालीत तराफ्याला 'कुल्ल' म्हणतात. एका माणसाने गवत, काटक्या, फांद्या गोळा करून तराफा बांधला, हातापायांनी वल्हवत नदी पार केली. पल्याड गेल्यावर, याचे माझ्यावर फार उपकार आहेत म्हणून तो तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला तर ते शहाणपणाचे होईल का? नाही. धम्मसुद्धा पार होण्यासाठी आहे, डोक्यावर मिरवण्यासाठी नाही. जगातल्या किती धर्मसंस्थापकांनी स्वतःच्या शिकवणीबद्दल असे सांगितले असेल? महापुरात नावेने सुटका झालेल्या कोणी ती नाव घरी आणून पुजली नाही. पण ग्रंथाच्या बाबतीत आपण तेच करतो. पूजा होते, वाचन राहते.

लोकोत्तर आणि वावभर देह

'लोकोत्तर' म्हणजे लोकाच्या, जगाच्या पलीकडचे. आज मराठीत 'लोकोत्तर पुरुष' म्हणजे फार मोठा माणूस. जुन्या काळी महासांघिकांमधून लोकोत्तरवादी नावाचा पंथच निघाला. बुद्धांचे शरीर, त्यांचे खाणे-झोपणेसुद्धा मानवी नव्हे, अलौकिक होते, असे त्यांचे म्हणणे. 'महावस्तु' हा त्यांचा ग्रंथ. म्हणजे बुद्धांना आकाशात बसवण्याचे काम परक्यांनीच केले असे नाही, आपल्यातल्या भाविकांनीही केले.

पण पाली परंपरेत लोकोत्तर धम्म नऊ सांगितले आहेत: चार मार्ग, चार फळे आणि निब्बाण. त्यांची पहिली पायरी सोतापन्न, म्हणजे प्रवाहाला लागलेला. या पायरीवर काय सुटते? 'मी-माझे'ची खोटी समजूत, मनाची डळमळ, आणि कर्मकांडाने शुद्ध होतो हा भ्रम. बस्स. जगापलीकडची पहिली पायरी ही आहे, आणि ती आपल्या उंबऱ्यातच आहे.

रोहितस्स नावाच्या एकाची गोष्ट अंगुत्तर निकायात आहे. पूर्वजन्मी तो फार वेगाने चालणारा ऋषी होता. जगाचे टोक गाठायचे म्हणून तो शंभर वर्षे चालला आणि वाटेतच मेला. तथागतांनी त्याला सांगितले की चालून जगाचे टोक सापडत नाही. पण जगाचा अंत केल्याशिवाय दुःखाचाही अंत नाही. आणि ते जग आहे या वावभर देहात, त्याच्या जाणिवेत आणि मनात. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. दोरी, कापड मोजणाऱ्याला वाव समजतो. जगाच्या पलीकडे जायचा सगळा रस्ता त्या वावभर अंतरात आहे.

म्हणूनच बाबासाहेबांनी ठासून लिहिले की बुद्ध मोक्षदाता नव्हेत, मार्गदाता आहेत. मार्ग दाखवणारा. चालायचे आपण.

आगाशिवच्या डोंगरात

हे सगळे उत्तरेतले झाले, आपल्या मुलुखाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याने कराडजवळ जखिणवाडीला जावे. आगाशिवच्या डोंगरात पन्नासच्या वर बौद्ध लेणी आहेत. चैत्य आहेत, भिक्खूंच्या खोल्या आहेत, पाण्याची टाकी आहेत. इंग्रजांनी 1885 साली सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर काढले, त्यात यांची नोंद आहे. तिकडे वाईजवळ लोहाऱ्याला आणि शिरवळलाही बौद्ध लेणी आहेत.

कराडचे जुने नाव करहाकट किंवा करहाकड. 1873 साली कनिंगहॅम यांना मध्य भारतात भारहुतचा स्तूप सापडला. त्याच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यात करहाकटच्या निगमाने, म्हणजे बाजारपेठेच्या गावाने, दिलेल्या दानाची नोंद आहे. आणि कोकणात कुडा येथे करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिले. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या कराडची माणसे शेकडो मैलांवरच्या स्तूपासाठी आणि घाटाखालच्या लेण्यासाठी कमाईतला वाटा देत होती.

या पश्चिमेकडच्या लेण्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: 'देयधम'. म्हणजे दान, देण्याची वस्तू. काही लेखांत आई-बापांसाठी, काहींत सर्व जीवांच्या हितसुखासाठी दान दिल्याचे म्हटले आहे. दिले काय? लेणे, म्हणजे निवारा. पोढी, म्हणजे पाण्याचे टाके. वाटसरूला सावली आणि तहानलेल्याला पाणी. 'लेणे' हा आपला शब्दही त्या शिलालेखांतल्या 'लेण'वरूनच चालत आलेला. ज्यांनी धम्माचा 'पार' समजून घेतला त्यांनी डोंगरात पाण्याची टाकी खोदली, हे मी सगळ्यात महत्त्वाचे समजतो.

मधला अंधार आणि चोखोबांची भिंत

पुढे भिक्खू गेले, लेणी ओस पडली, शब्द मात्र राहिले आणि त्यांचे अर्थ फिरले. पार म्हणजे भवसागराच्या पल्याड, मेल्यावर. तिथे देवाच्या दारी सगळे सारखे. संतांनी प्रेमाने सांगितले, त्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण इकडच्या काठावर काय होते? चोखोबा पंढरीच्या देवळाबाहेरच राहिले. आपल्या जत तालुक्याच्या शेजारच्या मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले, असे सांगतात. ज्यांना गावाच्या आत जागा नव्हती, तेच गावाची भिंत बांधत होते! बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. परलोकातली समता मान्य करणारा समाज इहलोकातली पायरी द्यायला तयार नव्हता, हा तो इतिहास.

महात्मा जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, तेही याच जिल्ह्यातले. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्यांनी बजावले. पलीकडच्या गोष्टींचा धंदा त्यांनी उघडा पाडला.

मसूरची तहान

आणि मग सातारा. रामजी सुभेदारांचे कुटुंब इथे राहत होते. 1896 साली भीमाबाई इथेच गेल्या, त्यांची समाधी साताऱ्यात आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी लहान भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. 2017 सालापासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

1901 साली वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर होते. त्यांना भेटायला मुले आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाले त्यांना गाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, असे ठरले. सोबत खायचे होते, पण पाणी नव्हते आणि कोणी दिले नाही. रात्री उपाशीपोटी निजले. बाबासाहेबांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे.

आता मला सांगा, त्या लेकरांची ती तहान ही 'तण्हा' होती का? ते दुःख त्यांच्या लोभातून आले होते का? नाही! ते दुसऱ्यांनी लादलेले होते. म्हणूनच बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात धीटपणे प्रश्न टाकला की चार आर्यसत्ये रूढ पद्धतीने मांडली तर माणसाला आशा उरते का? दुःखाचे मूळ नुसते आपल्याच मनात आहे असे म्हटले, तर मसूरच्या पाण्याचा जाब कोणाला विचारायचा? त्यांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एकीत बाहेरची रेघ ओलांडली, दुसरीत आतली.

याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली. भाऊराव जैन घराण्यातले. तीर्थ म्हणजे उतार हे वर सांगितलेच. एका पंगतीएवढा उतार त्यांनी बांधला, आणि त्यावरून किती पोरे पार गेली!

एक धातू, दोन वाटा

सतिपट्ठान सुत्ताच्या सुरुवातीलाच 'समतिक्कम' हा शब्द आहे. शोक आणि विलाप ओलांडून जाणे. 'क्रम' म्हणजे पाऊल टाकणे, 'अति' म्हणजे पलीकडे. याच दोन तुकड्यांपासून मराठीत 'अतिक्रमण' झाले आहे. झोपडीवर नोटीस लागते, ते अतिक्रमण. शब्द एकच, पण एकात माणूस स्वतःची हद्द ओलांडतो आणि दुसऱ्यात दुसऱ्याची. जातिव्यवस्था हे माणसाच्या माणूसपणावरचे सगळ्यात जुने अतिक्रमण. धम्म म्हणजे समतिक्कम. पलीकडे जाण्याचे हे दोन प्रकार ओळखता आले, तर निम्मा धम्म कळला असे मी मानतो.

आता आपण काय करायचे

उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, पण कार्यकर्ता म्हणून चार गोष्टी मांडतो.

पहिली, आपल्या वस्तीत कोणी गेले की फलक लागतो, 'आत्म्यास शांती लाभो'. बुद्धांनी आत्मा नाकारला, बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान सोडले, आणि फलकावर आत्मा! 'कैलासवासी'च्या जागी आपण 'कालकथित' लिहू लागलो, हे चांगले झाले. पालीतल्या 'कालकत', म्हणजे ज्याचा काळ झाला, या शब्दावरून तो आला. दुःखात असलेल्या घराला तिथल्या तिथे टोकू नये, पण फलक छापणाऱ्या मंडळाच्या पोरांना आधी सांगून ठेवावे.

दुसरी, पोरांना पाली शिकवताना तहान आणि निवणे इथून सुरुवात करावी. मग त्यांना धम्म परका वाटणार नाही.

तिसरी, विहारातर्फे वर्षातून एकदा आगाशिवची सहल काढावी. तिथे मेणबत्ती लावून परत येऊ नये, पाण्याची टाकी दाखवावीत आणि ती कोणी व का खोदली ते सांगावे.

चौथी कठीण आहे. पोटजातीची रेघ आपल्यातही आहे. सोयरीक जुळवताना ती दिसते. बाहेरच्यांनी आपल्यासाठी रेघ ओलांडावी असे म्हणताना, आपणही आपल्या घरात एक पाऊल टाकले पाहिजे. यंदाच्या वर्धापनदिनाला विहाराने आंतरपोटजातीय विवाह केलेल्या जोडप्यांचा जाहीर सत्कार करावा, अशी माझी समितीला विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!